कर्ण कोणाचा?



स्मरणिकेच्या संपादक मंडळाने माझ्याकडे फर्मान धाडलं, "तू कॉलेजात इतिहास शिकवतोस, तेव्हा एक इतिहासाचा लेख तुझ्याकडे." शाळेच्या इमारतीचा, संस्थेचा आणि मुख्याध्यापकांच्या कारकिर्दींचा इतिहास या अंकात इतरांनी लिहिला आहेच. मी जरा वेगळा इतिहास घेतो. आपल्या बॅचला ज्या एका प्रश्नाने दोन वर्षं भांडत ठेवलं, त्या प्रश्नाचा. कर्ण चांगला की वाईट?

हसू नका, आठवून पाहा. २ ऑक्टोबर १९८८ रोजी बी. आर. चोप्रांची 'महाभारत' मालिका दूरदर्शनवर सुरू झाली, तेव्हा आपण नववीत होतो. चौऱ्याण्णव भाग चालून जून १९९० मध्ये ती संपली, तेव्हा दहावीच्या निकालाचे दिवस होते. म्हणजे शाळेची आपली शेवटची दीड-दोन वर्षं आणि महाभारत बरोबरच चाललं. रविवारी सकाळी पाहायचं आणि सोमवारी मधल्या सुट्टीत भांडायचं, हा नेम. त्याआधी 'रामायण' येऊन गेलं होतं, पण लक्ष्मण मोठा की भरत मोठा यावरून कुणी कुणाची कॉलर धरल्याचं मला आठवत नाही. कर्णावरून मात्र सायकल स्टँडवर डबे उडाले आहेत. वर्गात सरळ दोन तट होते, 'कर्णपक्ष' आणि 'अर्जुनपक्ष'. कर्णपक्ष कायम बहुमतात असे.

नंतर इतिहास शिकवायला लागल्यावर मला एक गोष्ट सारखी खुणावत राहिली. आपण ज्या कर्णासाठी भांडत होतो, तो नेमका कुणाचा कर्ण होता? व्यासांचा? शिवाजी सावंतांचा? टीव्हीवरच्या पंकज धीर यांचा? की आपापल्या घरातल्या आजीने सांगितलेला? पात्र एकच, पण त्याला घडवणारे हात अनेक. त्या हातांचा माग काढायचा, एवढाच या लेखाचा उद्योग आहे.

सुरुवात १९१९ पासून करू. त्या साली महाराष्ट्रात दोन कामं सुरू झाली. सातारा जिल्ह्यातल्या काले या गावी कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. आणि पुण्यात भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताची चिकित्सक आवृत्ती तयार करायला घेतली. दोघांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. एकीकडे ज्यांच्या घरात पुस्तक नव्हतं त्यांच्या हातात पुस्तक जाणार होतं. दुसरीकडे देशभरातली साडेबाराशेच्या वर हस्तलिखितं गोळा करून, एकेक श्लोक ताडून, कोणता मजकूर जुना आणि कोणता मागाहून शिरलेला हे ठरवायचं होतं. हे दुसरं काम १९६६ साली पुरं झालं. सत्तेचाळीस वर्षं! आपल्याकडे रस्त्याचं काम रेंगाळलं की आपण वैतागतो. या मंडळींच्या दोन-तीन पिढ्या एका ग्रंथात गेल्या.

त्या छाननीत कर्णाच्या बाबतीत एक मोठी उलथापालथ झाली. स्वयंवराच्या मंडपात कर्ण धनुष्याला हात घालतो, आणि द्रौपदी भर सभेत म्हणते की मी सूताला वरणार नाही. हा प्रसंग आपल्यातल्या प्रत्येकाच्या डोक्यात पक्का बसलेला आहे. कर्णपक्षाचा तो हुकमी एक्का होता. "तिने आधी अपमान केला म्हणून त्याने नंतर केला," असा युक्तिवाद. सतराव्या शतकात नीलकंठ चतुर्धर या पंडिताने महाभारतावर टीका लिहिली. हा मूळचा गोदाकाठच्या कोपरगावचा, म्हणजे आपलाच माणूस. पुढे काशीला स्थायिक झाला. त्याची प्रत देशभर चालली आणि तिच्यात द्रौपदीचे ते शब्द आहेत. पण चिकित्सक आवृत्तीच्या संपादकांना जुन्या, भरवशाच्या हस्तलिखितांत ते सापडले नाहीत, म्हणून मुख्य संहितेतून ते बाहेर गेले. तिथे कर्ण हा धनुष्याने हरवलेल्या अनेक राजांपैकी एक आहे. द्रौपदी त्याला काहीही बोलत नाही.

म्हणजे कुणीतरी, कधीतरी, द्रौपदी आणि कर्ण यांच्यात ते वाक्य घालून दिलं. का घातलं असेल? माझा अंदाज असा की ऐकणाऱ्यांना द्यूतसभेतल्या कर्णाचा उलगडा होत नव्हता. एवढा दानी, एवढा सूर्यपूजक पुरुष एका स्त्रीला भर सभेत असं कसं बोलला? मग कारण शोधलं गेलं. जे पात्र आवडतं त्याच्या वाईट वागण्यामागे आपण कारण शोधतो आणि नाही सापडलं तर तयार करतो. आपण सायकल स्टँडवर जे करत होतो, तेच कुणा अनाम सांगणाऱ्याने कित्येक शतकांपूर्वी केलं होतं.

आणि हे एकदाच घडलं नाही. उद्योगपर्वात कृष्ण कर्णाला एकट्याला रथात घेतो, जन्माचं गुपित सांगतो आणि पांडवांकडे ये म्हणतो. त्या बोलण्यात एक लालूचही आहे, की सहाव्या वेळी द्रौपदीही तुझ्याकडे येईल. व्यासांनी एवढंच म्हणून सोडून दिलं. पण लोकांनी सोडलं नाही. आपल्याकडच्या जांभूळ आख्यानात गोष्ट उलटी फिरते. तिथे द्रौपदीच्याच मनात कर्ण भरतो. हा सहावा असता तर, असं तिला वाटून जातं, आणि ते मनातलं गुपित एका जांभळाच्या निमित्ताने सगळ्यांसमोर येतं. शाहीर विठ्ठल उमपांनी हे आख्यान रंगमंचावर गाजवलं. तिकडे तमिळ परंपरेत कर्ण आणि दुर्योधनाची राणी सोंगट्या खेळत असल्याची कथा आहे. ओढाताणीत तिची मोत्यांची माळ तुटते, दुर्योधन येतो आणि संशय घेण्याऐवजी विचारतो, मोती नुसते वेचू की ओवून देऊ? १९६४ साली शिवाजी गणेशन यांच्या 'कर्णन' चित्रपटात हा प्रसंग दिसला. मूळ महाभारतात यातलं काही नाही. पण या मैत्रीत विश्वास किती असेल, हे ऐकणाऱ्यांना पाहायचं होतं, म्हणून कुणीतरी ते दाखवलं.

आता आपल्या मराठीकडे येऊ. 'दानशूर कर्ण' हा शब्दप्रयोग मराठीत जुना आहे, पण एक सबंध माणूस म्हणून कर्ण आपल्याकडे अवतरला तो बराच अलीकडे. १९५२ साली हिंदीत दिनकरांचं 'रश्मिरथी' आलं. १९५३ साली वि. वा. शिरवाडकरांचं 'कौंतेय' हे नाटक आलं. १९६२ साली दुर्गा भागवतांच्या 'व्यासपर्वा'ने महाभारतातली माणसं एकेक करून समोर बसवली. आणि मग १९६६-६७ ची ती दोन वर्षं आली. पुण्यात चिकित्सक आवृत्ती पुरी झाली. इरावती कर्वे यांचं 'युगान्त' प्रसिद्ध झालं, ज्यात कर्णाकडे डोळे भरून येऊ न देता पाहिलं आहे. आणि कॉन्टिनेन्टल प्रकाशनाने 'मृत्युंजय' काढलं.

'मृत्युंजय'चे लेखक शिवाजी सावंत कोल्हापुरात शाळेत शिक्षक होते. आजऱ्याचा जन्म, वय जेमतेम सत्तावीस. कादंबरी नऊ भागांची. सांगणारे सहा जण. कर्ण, कुंती, दुर्योधन, शोण, वृषाली आणि शेवटी श्रीकृष्ण. प्रत्येक जण 'मी' म्हणून बोलतो. यातले शोण आणि वृषाली कोण? कर्णाचा भाऊ आणि कर्णाची पत्नी. व्यासांच्या महाभारतात या दोघांना जवळजवळ जागाच नाही. कर्णाच्या पत्नीचं तर नावही येत नाही; युद्धानंतर स्त्रीपर्वात गांधारी रणांगणावरचा आक्रोश कृष्णाला दाखवते, तेव्हा ती बाई दिसते, पण सुषेणाची आई म्हणून. सावंतांनी तिला वृषाली म्हणून उभं केलं, तिला घर दिलं, बोलायला भाग दिला. मराठी वाचकाला वृषाली इतकी खरी वाटली की ती मुळातलीच आहे असं आजही कित्येक जण धरून चालतात. पुढे काही वर्षांनी रणजित देसाईंचं 'राधेय' आलं आणि कर्ण मराठी घरांत कायमचा राहायला आला.

हे त्याच काळात का घडलं? मी माझ्या परीने असं उत्तर देतो. काल्यात ज्या कामाची सुरुवात झाली होती, तशा कामातून तयार झालेली वाचकांची पहिली मोठी पिढी तोवर कमावती झाली होती. जिल्हा परिषदा १९६२ साली आल्या, शिवाजी विद्यापीठही त्याच वर्षी. आडनाव सांगितल्यावर समोरच्याच्या चेहऱ्यावर होणारा बदल या वाचकांनी पाहिलेला होता. मैदानात आपलं कसब दाखवून झाल्यावर "तुझं कूळ कोणतं?" असा प्रश्न ज्याला विचारला गेला, त्या माणसाची गोष्ट त्यांना वेगळी समजावून सांगावी लागली नाही. आदिपर्वात त्या मैदानावर अधिरथ येतो, घामाघूम, काठी टेकत. नुकताच अंगदेशाचा राजा झालेला कर्ण अभिषेकाने ओलं झालेलं डोकं त्या सारथ्याच्या पायांवर ठेवतो. बापाच्या धंद्यामुळे चारचौघांत मान खाली गेलेल्या कुठल्याही मुलाला तो प्रसंग वाचताना काय वाटत असेल, हे आपल्या वर्गातल्या निम्म्या जणांना ठाऊक होतं.

आपल्या शाळेच्या वाचनालयातली 'मृत्युंजय'ची प्रत आठवते का? खाकी कागदाचं कव्हर, शिवण उसवलेली, मधली काही पानं सुटून मागे-पुढे लागलेली. नाव नोंदवल्यावर दोन-दोन महिने वाट पाहावी लागे. समासात पेन्सिलीने काय काय लिहिलेलं असे! 'कुंती दोषी', 'अर्जुन लबाड', आणि एका पानावर कुणाच्या तरी सुबक अक्षरात फक्त 'माझे बाबा'. ते कुणाचं अक्षर होतं हे मी ओळखलं होतं. त्याचे वडील स्टँडवर हमाली करत. आपल्या गावात त्या वेळी कुणी मानसोपचाराचं नाव ऐकलं नव्हतं, पण वाचनालयाच्या खिडकीतून मिळणारं ते जाडजूड पुस्तक बऱ्याच जणांच्या बरंच कामी आलं.

आता दहावीच्या वर्षी झालेल्या त्या वादविवादाकडे येतो. मराठीच्या बाईंनी विषय दिला होता, 'कर्णावर अन्याय झाला'. बाजूने बोलायला हात वर करणारे सोळा-सतरा जण, विरुद्ध बाजूला कुणीच नाही. अखेर मुलींच्या रांगेतून एक जण उठली. तिने कर्णाच्या जन्माबद्दल, शापांबद्दल, रुतलेल्या चाकाबद्दल आपली काही तक्रार नाही असं आधी सांगून टाकलं. मग म्हणाली, "द्यूतसभेत विकर्ण बोलला. तो दुर्योधनाचा सख्खा धाकटा भाऊ. कौरवांच्या बाजूचा असूनही तो म्हणाला की हे चूक आहे, द्रौपदी दासी झालेली नाही. मग त्याला गप्प कुणी बसवलं?"

वर्ग शांत. मालिका सगळ्यांनी पाहिली होती, पण हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. विकर्णाला झापणारा कर्णच होता. त्यानेच त्याला पोरकट ठरवलं, द्रौपदीला सभेत नको ते बोलला आणि दुःशासनाला वस्त्रं काढायला सांगितलं. सभापर्वात हे सगळं स्वच्छ आहे, आणि चिकित्सक आवृत्तीच्या चाळणीतूनही ते गळलेलं नाही. द्रौपदीचं ते स्वयंवरातलं वाक्य गळलं, कर्णाचं हे बोलणं राहिलं.

कर्णपक्षाच्या पुढाऱ्याने उठून मित्रऋणाचा मुद्दा काढला. बाईंनी निकाल दिलाच नाही. त्या एवढंच म्हणाल्या, "आवडत्या माणसाचं वाईट पान फाडून टाकायचं नसतं रे. ते पान वाचूनही तो आवडला तर खरा आवडला." आज सत्कारमूर्ती म्हणून बाई समोर बसतील, तेव्हा त्यांना हे वाक्य आठवतं का ते विचारायचं आहे.

बाईंचं म्हणणं मनात ठेवून मी पुढे उद्योगपर्व वाचलं, तेव्हा कर्ण मला आणखीच गुंतागुंतीचा दिसला. कृष्ण राज्य देऊ करतो तेव्हा कर्ण नाही म्हणतो, हे आपल्याला माहीत आहे. पण कारणं कोणत्या क्रमाने देतो ते बघण्यासारखं आहे. पहिल्यांदा येतात राधा आणि अधिरथ. मला पाहून राधेला पान्हा फुटला, अधिरथाने माझे संस्कार केले, माझं लग्न सूतांच्या घरात झालं, माझी मुलं-नातवंडं तिथली आहेत. दुर्योधन त्यानंतर येतो. त्याच्या आश्रयाने तेरा वर्षं मी राज्य भोगलं, आणि माझ्या भरवशावर त्याने हे युद्ध मांडलं आहे. मग कर्ण आणखी एक गोष्ट बोलतो, जी कुठल्याच नाटकात फारशी ऐकू येत नाही. दुर्योधनाला बरं वाटावं म्हणून मी पांडवांना जे कडू बोललो, त्याचा आज मला पश्चात्ताप होतो. आणि राजा युधिष्ठिरच व्हावा. एवढंच नाही, तर आपली बाजू हरणार हेही त्याला दिसतं आहे. पडलेली स्वप्नं आणि अपशकुन तो कृष्णाला सांगतो.

आता विचार करा. पश्चात्ताप कृष्णाला सांगितला. हार दिसते आहे, हेही कृष्णालाच सांगितलं. ज्याच्यासाठी जीव द्यायचा, त्या दुर्योधनाला यातलं काय सांगितलं? पांडवांना कपटाने फोडण्यापेक्षा सरळ लढून जिंकू, असं वेगळं मत कर्णाने पूर्वी एकदा दिलं होतं; पण ते मार्गाबद्दल होतं. आपण चाललो आहोत तेच चुकीचं आहे, हे तो दुर्योधनाला कधी म्हणाला नाही. दुर्योधन भीष्माचं ऐकत नव्हता, विदुराचं ऐकत नव्हता, आईचंही नाही. ऐकलं असतं तर ते कदाचित एकट्या कर्णाचं. आणि कर्णच बोलू शकत नव्हता, कारण मैदानावर त्या दिवशी मिळालेला मुकुट त्याच्या डोक्यावरून कधी उतरलाच नाही. दोघांना एकमेकांबद्दल माया होती यात शंका नाही. पण एकाने दिलं होतं आणि दुसऱ्याने घेतलं होतं, आणि दिल्या-घेतल्याचा हिशोब कायम मध्ये उभा होता.

हे सगळं पुस्तकी वाटत असेल तर एक खरी गोष्ट सांगतो. आपल्या बॅचमधल्या एकाची आहे. त्याची परवानगी घेतली आहे, नाव मात्र त्याच्याच सांगण्यावरून लिहीत नाही. वडील अंथरुणाला खिळले तेव्हा एका व्यापाऱ्याने त्याला नोकरी दिली, दवाखान्याचं बिल भरलं, बहिणीच्या लग्नाला हात दिला. पंधरा-सोळा वर्षं हा त्या शेठचा उजवा हात होता. मग धंदा अडचणीत आला आणि शेठ कर्जामागून कर्ज काढू लागले. प्रत्येक कर्जाला जामीनदार हा. शेवटी राहतं घर तारण ठेवायची वेळ आली, आणि कागद तयार होऊन घरी आले.

त्या रात्री आम्ही तिघे-चौघे जुने वर्गमित्र त्याच्या घरी बसलो होतो. तो म्हणाला, "उपकार आहेत रे त्यांचे. कर्णाने सोडलं होतं का दुर्योधनाला?" आमच्यात ती वादविवादवालीही होती; आता ती लोकांचे हिशोब तपासते. ती म्हणाली, "सोडू नकोस ना. पण सांग तरी! विकर्णानेही कुठे सोडलं होतं?"

आणि हे खरंच आहे. सभेत दुर्योधनाच्या विरुद्ध बोललेला विकर्ण पुढे युद्धात दुर्योधनाच्याच बाजूने लढला आणि भीमाच्या हातून मेला. शंभर कौरवांना मारण्याची प्रतिज्ञा केलेल्या भीमालाही त्याला मारताना वाईट वाटलं, असं द्रोणपर्वात आहे. विकर्णावर मराठीत कुणी कादंबरी लिहिल्याचं माझ्या पाहण्यात नाही. एका सभेत दोन वाक्यं बोललेला माणूस. त्याच्यावर पाचशे पानं कोण लिहिणार? पण आपल्या त्या मित्राला त्या रात्री कर्णाचा नव्हे, विकर्णाचाच उपयोग झाला.

दुसऱ्या दिवशी तो शेठकडे गेला आणि म्हणाला की दुकान मी सोडणार नाही, पगार उशिरा दिलात तरी चालेल, पण या कागदावर सही करणार नाही, आणि तुम्हीही आता नवं कर्ज काढू नका. शेठ दोन वर्षं त्याच्याशी धड बोलले नाहीत. पुढे त्या धंद्याचं जे व्हायचं ते झालं. शेठ आजारी पडले तेव्हा त्यांना रिक्षात घालून दवाखान्यात नेणारा हाच होता. तुझं बरोबर होतं, असं ते शेवटपर्यंत म्हणाले नाहीत. त्यानेही कधी अपेक्षा केली नाही. घर मात्र आहे. मागच्या महिन्यात संमेलनाच्या तयारीची बैठक त्याच घराच्या गच्चीवर झाली.

म्हणून मला वाटतं, काल्पनिक म्हणा, पौराणिक म्हणा, पात्रांवरून घातलेले वाद फुकट जात नाहीत. पंधराव्या वर्षी आपण कर्ण आणि दुर्योधन यांच्या मैत्रीबद्दल तावातावाने बोलत होतो, तेव्हा खरं तर स्वतःच्या पुढच्या आयुष्याची रंगीत तालीम करत होतो. कुणाचं किती देणं लागतो, देणं फेडताना काय काय द्यायचं आणि कुठे थांबायचं, हे सगळं तिथेच बोलून झालं होतं. वर्गमित्रांच्या बाबतीत आपलं नशीब इतकं चांगलं की आपल्यात कुणी कुणाला अंगदेश दिलेला नाही. चौथीपासून एकमेकांच्या डब्यात हात घातले, त्याचा हिशोब कुणाकडे नाही. म्हणून आपण एकमेकांना तोंडावर 'चुकतोयस' म्हणू शकतो.

शांतिपर्वात एक लहानसा तपशील आहे, तो अर्जुनपक्षाच्या राहिलेल्या दोन-तीन सदस्यांसाठी देतो. युद्ध संपल्यावर कुंती खरं सांगते आणि युधिष्ठिर कोसळतो. तो म्हणतो की द्यूतसभेत कर्णाचं बोलणं ऐकून संताप येत होता, पण त्याच्या पायांकडे नजर गेली की राग ओसरत होता. ते पाय कुंतीच्या पायांसारखे होते. तेव्हा कारण कळलं नव्हतं. म्हणजे ज्या सभेत कर्ण सर्वांत वाईट वागला, त्याच सभेत त्याचा सख्खा भाऊ त्याला नकळत ओळखत होता. मित्रांनो, एवढं वाचल्यावर दोन्ही पक्ष बरखास्त करावेत असं मी सुचवतो. पण मधल्या सुट्टीची सर त्याला येणार नाही, हेही मान्य करतो.

संमेलनानिमित्त बॅचतर्फे शाळेच्या वाचनालयाला पुस्तकं द्यायचं ठरलं आहे. यादीत माझ्याकडून 'मृत्युंजय', 'राधेय', 'व्यासपर्व' आणि 'युगान्त' धरावीत. 'मृत्युंजय'च्या दोन प्रती द्याव्यात, कारण जुनीची शिवण आता अगदीच गेली आहे. ती मात्र टाकून देऊ नये, समासातल्या मजकुरासाठी ठेवावी. आणि ग्रंथपालांना विनंती, की ही सगळी पुस्तकं एकाच कप्प्यात शेजारी-शेजारी लावावीत. एक न्यायला आलेल्या मुलाच्या हाताला दुसरं लागेल, आणि सोमवारच्या मधल्या सुट्टीची सोय होईल.